प्रत माहितीसाठी

४ सप्टेंबर २००४, शनिवार

आज कुरिअरवाल्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत येण्याचे कष्ट घेतले. एरवी खालूनच "आशालता सबनीऽऽस" अशी आरोळी ठोकतो, जणू मी फरार आहे. पार्सल ठाण्याहून आलं, संपदाच्या भावाकडून. तो गेल्या आठवड्यात अमेरिकेहून परतला, येताना बहिणीने दिलेली वस्तू घेऊन आला. आत लिंबाएवढा कॅमेरा, एक सीडी आणि सूनबाईंची चार ओळींची चिठ्ठी.

"आई, सुमेध रोज तुमची आठवण काढतो. हा कॅमेरा कॉम्प्युटरला लावलात की तो तुम्हाला दिसेल आणि तुम्ही त्याला. माझा नवीन ईमेल खाली दिला आहे, त्यावरच कळवा. तब्येतीला जपा."

चिठ्ठीत कौस्तुभचं नाव नाही. नवऱ्याचं नाव न घेण्याची चाल अमेरिकेत नव्याने सुरू झाली असावी.

सुमेधला पाहून सव्वादोन वर्षं झाली. तेव्हा तो माझ्या कमरेला येत होता. आता सात पूर्ण, म्हणजे कुठवर येत असेल देव जाणे. जानेवारीत कौस्तुभ आला तो एकटाच. संपदाला रजा नव्हती, सुमेधला शाळा होती. तीन आठवड्यांत त्याने मला हा कॉम्प्युटर घेऊन दिला, सुमेधचे चारशे फोटो त्यात भरले, ईमेल शिकवला आणि उरलेला वेळ गच्चीवर फेऱ्या मारल्या.

सीडी घातली. पडद्यावर चौकट आली, इंग्रजीत: हे बसवायचं तर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असायला हवं. तुम्ही तशा नाही. खाली एकच बटण, ओके. मला ते मुळीच ओके नव्हतं, पण तसं बटण दिलेलं नाही.

५ सप्टेंबर, रविवार

साडेआठला नेहमीप्रमाणे कौस्तुभचा फोन.

"कॅमेरा पोचला," मी म्हटलं.

"कसला कॅमेरा?"

"तुझ्या बायकोने पाठवलेला."

मग पाच सेकंद काही नाही. मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई आहे. लाइन गेल्याची शांतता वेगळी आणि माणूस गप्प झाल्याची वेगळी.

"हां, तो होय," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं तिला."

"मग पासवर्डही सांग. तुझं यंत्र मला कॅमेरा लावू देत नाही."

"आई, तुला लिमिटेड अकाउंट मी मुद्दाम दिलंय. तू कुठेतरी क्लिक करशील, व्हायरस येईल, मग मी इथून काय करू? जानेवारीत येईन तेव्हा लावून देतो."

"तोवर सुमेधला मिसरूड फुटेल. त्याला दे फोनवर."

"झोपलाय गं. अकरा वाजलेत इथे."

त्याचा आवाज घुमत होता. सामान काढलेल्या खोलीत घुमतो तसा. "रंगकाम काढलंय का?" विचारलं, तर म्हणाला, "हो, तसंच काहीतरी."

तसंच काहीतरी! रंगकाम असतं किंवा नसतं.

९ सप्टेंबर, गुरुवार

कॉम्प्युटर सुरू केला की निळ्या पडद्यावर "वेलकम" येतं. दिवसभरात मला या म्हणणारं दुसरं कुणी नसल्यामुळे मी ते खपवून घेते. त्याखाली दोन नावं. कौस्तुभच्या नावाशेजारी बुद्धिबळाची सोंगटी, माझ्या नावाशेजारी टबात तरंगणारं पिवळं रबरी बदक. बदक बदलण्याचा अधिकार मला आहे म्हणे. बदलणार नाही. पुरावा म्हणून राहू दे.

त्यातलं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलंय. ते पुढे करायला गेले, तर तेवढाही अधिकार नाही. बोळींजच्या माझ्या घरातलं घड्याळ लावायला न्यू जर्सीची परवानगी हवी! आणखी एकीकडे बोट लावलं, तर "ॲक्सेस इज डिनाइड". कोणी डिनाय केला ते सांगायचं नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटनी असलं वाक्य खोडून शेजारी लाल शाईने "बाय हूम?" लिहिलं असतं.

त्या सिस्टर पाणी प्यायला जायचं तरी "मे आय" म्हणायला लावायच्या. पुढे वडिलांना विचारायचं, मग सासूबाईंना, मग ऑफिसात साहेबांना, घरी यांना. हे गेले, मी रिटायर झाले, तेव्हा दुःखात एवढं एक वाटलं होतं की परवानगीचं प्रकरण तरी मिटलं.

आज दिवसभरात मी किती बोलले ते आठवून पाहिलं. दूधवाल्याला "उद्या एकच पिशवी". टँकरच्या रांगेत घुसणाऱ्या बाईला "रांग मागे आहे". झालं. गुरुवार संपला.

१४ सप्टेंबर, मंगळवार

स्टेशनजवळच्या दुकानातून प्रितेश नावाचा मेकॅनिक बोलावला. चाळिशीचा गृहस्थ, कमरेला दोन मोबाइल, तोंडात मावा. पासवर्ड नाही म्हटल्यावर त्याने मान डोलावली, डॉक्टर वाईट बातमी देताना डोलावतात तशी.

"फॉरमॅट मारून देतो, काकी. सगळं साफ. मग तुम्हीच मालक."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे कोरं. एकदम शोरूम पीस."

"आणि आतले फोटो?"

"ते जाणार. फोटो काय, परत पाठवेल ना मुलगा."

"साफ करायला ते गटार नाही," मी म्हटलं. "आणि मी तुझी काकी नाही."

तो गेल्यावर चारशेच्या चारशे फोटो एकदा पाहून घेतले, कुठे हात लावून गेला नाही ना म्हणून. त्यात दोन तास गेले. बरे गेले.

१९ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मोदक केले पाच. एकवीस करून खाणार कोण? खालच्या मजल्यावर दोन दिले.

कौस्तुभला विचारलं, "तुमच्याकडे मोदक झाले का?"

"फ्रोझन मिळतात ना इथे."

"संपदा कुठाय? तिला दे."

"ती बाहेर गेलीये."

"रात्री अकरा वाजता?"

"मैत्रिणीकडे आहे, आई. तू जेवलीस का?"

सकाळी साडेआठ वाजता मी जेवले का! पासवर्डचा विषय काढला, तर त्याला दुसरा फोन आला. आवाज आजही घुमत होता. अमेरिकेत रंगकामाला आपल्याकडच्यापेक्षा जास्त दिवस लागतात असं दिसतं.

२२ सप्टेंबर, बुधवार

तोंडी मागणीची सरकारी खात्यात किंमत शून्य, हे मी विसरले होते. आज रीतसर अर्ज टाइप करून कौस्तुभला ईमेलने पाठवला. मूळ इंग्रजीत, ऑफिसच्या इंग्रजीत. इथे मराठीत उतरवून ठेवते.

"प्रति, श्री. कौस्तुभ सबनीस, ॲडमिनिस्ट्रेटर.
विषय: वैयक्तिक संगणकावर प्रशासकीय अधिकार मिळणेबाबत.
संदर्भ: दि. ५, १२ व १९ रोजीचे दूरध्वनी संभाषण.
महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराने बत्तीस वर्षे एकही लाइन चुकीची न जोडता सेवा केली आहे. अर्जदाराचा नातू अर्जदारास दिसत नाही. ही बाब अर्जदाराच्या वयाचा विचार करता तातडीची समजण्यात यावी. सात दिवसांत पासवर्ड न मिळाल्यास स्मरणपत्र क्र. १ धाडण्यात येईल.
प्रत माहितीसाठी: सौ. संपदा सबनीस."

अर्जाची प्रत संबंधितांना जायलाच हवी. नाहीतर साहेब फायलीवर बसतात आणि सांगतात, अर्ज आलाच नाही. संपदाचा नवा पत्ता चिठ्ठीतून बघून घातला. पाठवल्यावर स्वतःशीच हसले. कौस्तुभही हसेल. लहानपणी सहलीच्या पैशांसाठी मी त्याला असाच अर्ज करायला लावायची.

२३ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी सहाला फोन. गुरुवारी! मला वाटलं सुमेधला काही झालं.

"आई, तू संपदाला कशाला पाठवलंस ते?"

"प्रत माहितीसाठी असते."

"आणि हा पत्ता तुला कुणी दिला?"

"तिनेच. अरे, बायकोचा पत्ता सासूला असण्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे? एकाच घरात राहता, तिने नाही वाचला तर तू वाच."

गाड्यांचे आवाज येत होते. रस्त्यावर उभा असावा.

"आमच्या गोष्टी आमच्यात राहू देत जा," शेवटी म्हणाला आणि फोन ठेवला. "बाय" नाही, "ठेवतो" नाही.

संपदाचंही उत्तर आलंय, दोन ओळींचं. "आई, पासवर्ड मला माहीत नाही. तुम्ही दुसरा काही मार्ग काढा, पण प्लीज काढा. सुमेध वाट बघतोय."

म्हणजे नवरा म्हणतो लावू नको, बायको म्हणते लाव. यांचं आपसात ठरेना आणि बदक बसलंय मध्ये तरंगत.

२६ सप्टेंबर, रविवार

साडेआठला फोनजवळ बसले. नऊ. साडेनऊ. रिसीव्हर उचलून डायल टोन आहे ना पाहिलं. तीन वेळा पाहिलं. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना "आपली लाइन चालू आहे, कृपया थांबा" असं सांगितलं, तिने तीन वेळा पाहावं!

अकराला भात टाकला. फोन आला नाही.

अर्ज जरा उद्धट झाला का? पुन्हा वाचून पाहिला. भाषा बिनचूक आहे.

३० सप्टेंबर, गुरुवार

स्मरणपत्र पाठवलं नाही. त्याऐवजी शेअर रिक्षाने नंदाखालला गेले. चर्चच्या पुढे केळीच्या बागेला लागून थेरेसा डाबरे नावाच्या बाईंचा क्लास आहे. पूर्वीच्या "टायपिंग व शॉर्टहँड" पाटीवरच रंग मारून "कॉम्प्युटर" लिहिलंय, पण खालची शॉर्टहँड अजून दिसते. बाई पन्नाशीच्या, अंगावर फुलाफुलांचा झगा, चष्मा कपाळावर. एका खोलीत सहा कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला टाइपरायटर. त्या टाइपरायटरमुळे मला एकदम विश्वास वाटला.

"या, आजी. नातवाची फी भरायला आलात?"

"मी आजी फक्त एकाची आहे, आणि त्याच्याच कामासाठी आलेय."

"बरं, मग ताई. बसा ताई." त्या हसल्या. "एवढ्या लवकर भडकू नका, इथे पंखा पण बंद आहे. लाइट गेलीये."

सगळं सांगितलं. सोंगटी, बदक, घड्याळ, प्रितेश. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. ही कला फार थोड्यांना असते.

"फॉरमॅटची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मुलाने पुढच्या दाराला कुलूप घातलंय. पण या विंडोजमध्ये बनवणाऱ्यांनीच मागे एक दार ठेवलंय. ॲडमिनिस्ट्रेटर नावाचा एक जण आत आधीपासून बसलेला असतो, नेहमी दिसत नाही. आणि दहातले नऊ लोक त्याला पासवर्ड घालायलाच विसरतात. लिहून देते. फोटोंना काही होणार नाही."

वहीच्या कागदावर एकेक पायरी लिहून दिली. अक्षर छापल्यासारखं. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन म्हणाल्या, "ताई, कॅमेरा सुनेने पाठवला. पासवर्ड मुलगा देत नाही. दोघं एकत्रच राहतात ना?"

"मग कुठे राहणार? नवरा-बायको आहेत."

"नाही, म्हणजे... तसंच विचारलं." त्या उठल्या आणि घरातून राजेळी केळ्यांची फणी घेऊन आल्या. पैसे घेईनात. "एकट्या राहता ना? चार दिवसांत संपवा, नाहीतर काळी पडतील."

लोकांना दुसऱ्याच्या घरातलं उकरून काढायची भारी हौस. केळी मात्र गोड आहेत.

३ ऑक्टोबर, रविवार

फोन आला. "मागच्या रविवारी कामात अडकलो. सॉरी, आई."

"ठीक आहे."

"आणि पासवर्ड खरंच आठवत नाहीये गं. जानेवारीत घातलेला."

खोटं बोलणारा माणूस वाक्याच्या आधी श्वास घेतो. ट्रंकवर नवऱ्यांना "मी अजून नाशकातच आहे" म्हणताना हजारदा ऐकलाय तो श्वास. स्वतःच्या मुलाचा पहिल्यांदाच ऐकला. मी इतकी का मूर्ख वाटते त्याला, की कॅमेऱ्यासाठी खोटं बोलावं?

थेरेसाबाईंच्या कागदाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

जमलं! तारीख मुद्दाम ठळक लिहिली आहे.

पहिल्या खेपेला मधेच वीज गेली. यूपीएस कोंबडीसारखा ओरडायला लागला, घाईघाईने बंद केलं. दोन तासांनी वीज आल्यावर पुन्हा. सुरू होता होता एफ-एट दाबत राहायचं, लाज न बाळगता. मग पडदा काळा झाला आणि चारही कोपऱ्यांत "सेफ मोड" उमटलं. आणि नावांच्या रांगेत तो आला, ॲडमिनिस्ट्रेटर. पासवर्डच्या जागी काहीही न लिहिता एंटर दाबायचं, असं बाईंनी दोनदा अधोरेखित केलं होतं. दाबलं.

आत गेले. इतकं सोपं. जवळजवळ पाच आठवडे मी पुढच्या दारावर धडका मारत होते.

माझ्या नावापुढचं "लिमिटेड" काढलं. पुन्हा चालू केलं. पहिलं काम, घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. मग सीडी. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि पडद्यावर एक म्हातारी दिसली, अगदी जवळून, नाकपुड्यांसकट. दचकलेच. मीच होते.

आता ॲडमिनिस्ट्रेटर म्हटल्यावर सगळीच दारं उघडी. कौस्तुभच्या नावाचा फोल्डरही उघडला. जानेवारीत तो इथे बसून काही ना काही टाइप करत असे, त्या दहा-बारा फाइल्स. वरच्याच फाइलीचं नाव "न्यू अपार्टमेंट". उघडली नाही. कानाला हेडफोन असला तरी ऐकायचं नसतं, ही आमच्या खात्याची शिस्त. फोल्डर बंद केला.

पण म्हणजे यांनी नवीन घर घेतलंय! म्हणून आवाज घुमतो, म्हणून ईमेलचा पत्ता नवा, म्हणून लपवाछपवी. मला एकदम दाखवायचं असणार. वेडा कुठला. इतके दिवस मी त्याला काय काय म्हटलं.

संपदाला कळवलं. रविवारी संध्याकाळी साडेसहा ठरलं. तिथे सकाळचे नऊ.

१० ऑक्टोबर, रविवार

सकाळी कौस्तुभला काही बोलले नाही. सरप्राइज त्यांचं, आपण कशाला फोडायचं.

साडेपाचलाच नेसून बसले. मोतिया रंगाची साडी, कानातल्या कुड्या. पडदा ओढला, मागच्या दोरीवरचे कपडे काढले.

साडेसहाला पडद्यावर आधी नुसते चौकोन, मग एक हनुवटी, मग पुढचे दोन दात नसलेला सुमेध.

"आजी! तुझं नाक केवढं मोठं दिसतं!"

"तुझे दात कुठे गेले?"

"एक पिलोखाली ठेवला, एक मी गिळला!"

हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्याला वाटलं, चित्र बिघडलं. "आजी, तू ब्लर झालीस!" संपदा मागून डोकावली. केस कापलेत तिने. बारीक झालीये.

"सुमेध, तुझं नवीन घर दाखव ना मला," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात. आपल्याला सगळं कळलंय अशा तोऱ्यात.

त्याने लॅपटॉपच उचलला. सगळं हलायला लागलं. "ही किचन. ही माझी रूम, हा माझा फिश. ही मम्मीची रूम."

"आणि बाबाची?"

"बाबाची इथे नाहीये. बाबाचं न्यू अपार्टमेंट लांब आहे, कारने जावं लागतं. तो सॅटर्डेला येतो मला न्यायला आणि डिनरच्या आधी परत सोडतो. आजी, बाबाकडे एकपण चेअर नाही! आम्ही फ्लोअरवर बसून पिझ्झा खातो. आणि ओरडलं की मोठ्ठा एको येतो."

"सुमेध, ब्रश केलास का?" संपदा म्हणाली. "जा आधी."

तो गेल्यावर ती खुर्चीत बसली. कॅमेऱ्यात नजरेला नजर भिडत नाही. ती माझ्या गळ्याकडे बघतेय असं दिसत होतं.

"आई, त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून. जानेवारीत तो हेच सांगायला तिकडे आला होता. परत आल्यावर मला म्हणाला, सांगितलं, आईने समजून घेतलं. गेल्या महिन्यात तुमचा तो अर्ज आला, त्यात 'सौ. संपदा सबनीस' वाचलं, तेव्हा मला कळलं."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

ती खाली बघत म्हणाली, "तो घाबरतो तुम्हाला, आई."

मग म्हणाली, "सुमेधला तुम्ही हव्यात. आमचं काहीही होवो. दर रविवारी याच वेळेला लावत जाऊ. फक्त, माझ्याकडून कळलं असं त्याला नको."

"तुझ्याकडून नाही कळलं," मी म्हटलं. "दात पडलेल्या एका मुलाने सांगितलं."

ती हसली. मग तिनेही तोंड बाजूला केलं.

११ ऑक्टोबर, सोमवार

काही लिहिण्यासारखं नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

जानेवारीतली एक दुपार सारखी आठवतेय. मी खाटेवर पेपर वाचत होते. तो येऊन पायाशी बसला. म्हणाला, "आई." मी म्हटलं, काय रे. त्याने चादरीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाला, "डबल क्लिक पुन्हा दाखवू का?" मी काय म्हटलं असेन? "मला एवढी ढ समजू नकोस." तो उठून गच्चीवर गेला.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची रोशनी नवऱ्याला सोडून माहेरी आली. मी चहा पिता पिता त्याच्यासमोर तिचा पंचनामा केला. आजकालच्या मुलांना साधा संसार टिकवता येत नाही, आईवडिलांनी तोंड कुठे लपवायचं, वगैरे. बोलायला लागले की मला माझी वाक्यं आवडतात. तो चहा ढवळत होता. आत्ता आठवतंय, त्याने साखर घातलीच नव्हती. मधुमेहाच्या भीतीने दोन वर्षांपूर्वीच सोडलीये त्याने. नुसताच ढवळत होता.

तीन आठवडे तो माझ्या घरात होता आणि सांगायला जागा मिळाली नाही त्याला.

मोठी आली ट्रंकची ऑपरेटर.

१७ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर ठरवत होते काय बोलायचं ते. चार प्रकारे लिहून पाहिलं. एक फार कडक झालं, एक फार गोड. एकात तर "संदर्भ" आलं. सगळे कागद फाडले.

साडेआठला फोन.

"हॅलो आई. कशी आहेस?"

"बरी. तू?"

"मजेत. सगळे मजेत." आवाज घुमला. "सुमेध झोपलाय." मग थोडं थांबून, "तुझा कॅमेरा... लागला का गं?"

मी माझ्यासमोरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. वर छोटा हिरवा दिवा. संध्याकाळी सुमेध मासा दाखवणार आहे, त्याचं नाव त्याने ठेवलंय आत्माराम. कुठे ऐकलं कोण जाणे.

"नाही रे," मी म्हटलं. "अजून ॲक्सेस डिनाइडच."

त्याने सुस्कारा सोडला. एवढा लांब सुस्कारा मी लाइनवर क्वचित ऐकलाय.

"असू दे," तो म्हणाला. "मी जानेवारीत येतो ना. नक्की येतो. तेव्हा आपण बसून... सगळं बघू."

"ये. मला घाई नाही. तू येशील तेव्हा मी पेपर वाचत बसणार नाही."

"म्हणजे?"

"काही नाही. रात्री काय जेवलास?"

"पिझ्झा."

"काल?"

"...पिझ्झाच."

"ऐक. मुगाची खिचडी सांगते. सोपी आहे, एका भांड्यात होते, पोटालाही बरी. लिहून घेतोस?"

मी वाट बघत होते की तो म्हणेल, आई, मला कशाला, संपदा करते ना. नाहीतर म्हणेल, आमच्याकडे कुणी खिचडी खात नाही. तिकडे पुन्हा ती शांतता. लाइन गेलेली नाही, माणूस गप्प झाल्याची.

मग त्या रिकाम्या खोलीतून चालत जाणारी त्याची पावलं ऐकू आली. एक खण उघडला, बंद झाला. पावलं परत आली.

"हं, पेन आणलं," तो म्हणाला. "सांग. तांदूळ किती घेऊ?"

"अर्धी वाटी," मी म्हटलं. "त्याच्या निम्मी डाळ."

"अर्धी वाटी," तो लिहिता लिहिता म्हणाला. तिघांना एवढं कसं पुरेल, असं त्याने विचारलं नाही.